बागायतदाराने फिरायला जायचं कधी?

(देवगडच्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. बाहेर बोर्डावर विषय लिहिलाय, 'भारत फिरायला उत्तम ऋतू'. कुठल्याही ट्रॅव्हलवाल्याचं पत्रक उघडा, उत्तर छापलेलंच असतं: ऑक्टोबर ते मार्च. राजस्थान, ओडिशा, तामिळनाडू, सगळीकडे ऑक्टोबर ते मार्च. आता आपल्याकडे बघा, ऑक्टोबरात भात कापायचं, झोडायचं, मग आंब्याच्या मोहोराची वाट बघायची, मोहोर आला की तुडतुडे, थ्रिप्स असली कीड, फवारण्या, आणि मार्चमध्ये तर आंब्याच्या पेट्याच सुरू. म्हणजे देशातला चांगला काळ आपण कलमाखाली मान वर करून काढायचा. वर मुंबईचे पाहुणे अंगणात आंबा चोखत विचारणार, तुम्ही कुठे फिरायला जात नाही का हो? (हशा)

तर माझं म्हणणं असं की ऋतू निवडायची चैन नोकरदारांना, आपल्याला वर्षात दोनच फटी मिळतात. एक लावणी आटपल्यावर गणपतीआधी, दुसरी कापणी झाल्यावर मोहोर येण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आसपास. त्या फटीत देशाचा कुठला भाग चांगला असतो तेवढं शोधायचं. त्यावर बोलणारच आहे, पण आधी तामिळनाडूचं सांगतो, काही लोकांनी ते ऐकलंय, त्यांनी चहा घेऊन यावा.

आम्ही काही बागायतदार मंडळी दिवाळीनंतर तामिळनाडूला गेलो. ट्रॅव्हलवाल्याचं नाव घेत नाही, त्याच्याकडचं कोणीतरी मागे बसलेलं असायचं. (हशा) त्याला स्पष्ट विचारलेलं, बाबा पाऊस नाही ना, आमच्या वाट्याचा झालाय भिजून. तो म्हणाला, काका, पीक सीझन आहे, टोप्या घ्या, ऊन लागेल. चेन्नईला उतरलो तर स्टेशनबाहेर घोटाभर पाणी. महाबलीपुरमला समुद्रकाठचं देऊळ बघायचं तर वारा असा की छत्री उलटी, गाईड ओरडून काय सांगतोय ते पहिल्या रांगेलाही कळेना, आमची मंडळी नव्या टोप्या पिळतायत. हॉटेलात रात्री खुर्च्यांवर, दाराच्या कडीला, टीव्हीवर, जिथे जागा मिळेल तिथे लुगडी वाळत घातलेली आणि पंखा फुल्ल. आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "ह्यो पाऊस आमच्या वांगडाच इलो काय? पाऊस बघूक पैसे कित्याक भरूचे, तो घराकडे फुकट गावता!" आणि बसचा ड्रायव्हर मोडक्या हिंदीत आम्हालाच विचारतो, आप लोग बारिश में क्यों आया? त्याला बिचाऱ्याला माहीत होतं, पत्रक छापणाऱ्याला नाही. पैसे परत मागायला गेलो तर म्हणे निसर्गापुढे काय करणार. अहो, निसर्ग दरवर्षी ठरल्या वेळीच येतो तिथे!

आपला नैर्ऋत्य मान्सून सह्याद्रीवर आपटून इथेच रिकामा होतो, घाटापलीकडे त्या किनाऱ्यापर्यंत त्यातलं फार उरत नाही. ऑक्टोबरात वारे फिरतात, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि चेन्नईच्या बाजूला कोसळतात. तिथला वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, सगळ्यात जास्त नोव्हेंबरात. आता आकडे लहान आहेत म्हणा, वर्षाचे साधारण १४०० मिलिमीटर, आपल्याकडे ३००० सहज होतात, पण आपला चार महिन्यांत पसरून येतो आणि आपण घरात असतो, चुलीवर कुळथाची पिठी असते. असो. अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणतात.

भराभर घेतो. श्रावणाची फट: लडाख आणि हिमाचलातलं स्पिती. हिमालयाच्या पलीकडे असल्यामुळे मान्सून तिथे जेमतेम पोचतो, लेहला वर्षाचे १०० मिलिमीटर म्हणजे आपल्याकडची एक संध्याकाळ. मात्र मनालीकडून गाडीने जाल तर वाटेतल्या दरडी त्याच दिवसांत, त्यापेक्षा विमानाने लेहला उतरा आणि ३५०० मीटर उंची आहे, पहिले दोन दिवस गप्प पडून राहा, गड चढायची हौस दाखवू नका. उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत फुलंही जुलै-ऑगस्टातच, पण बद्रीनाथच्या रस्त्यावर दरडीही तेव्हाच, ते ज्याचं त्याने बघावं. आणि श्रावणात ताटात मासा नाही, मग घरी थांबायचं कशाला? (हशा)

दिवाळीची फट: मान्सून राजस्थानातून सगळ्यात आधी माघारी वळतो, साधारण १७ सप्टेंबरपासून, त्यामुळे दिवाळीपर्यंत तिकडे कोरडं. उत्तराखंडातल्या कुमाऊंत कौसानीहून नंदादेवीचं शिखर दिसायला हेच दिवस, पावसाने हवा धुतलेली असते. डिसेंबर अखेर उत्तरेत जाऊ नका, धुक्यात गाड्या तासन्‌तास लटकतात. कच्छचं पांढरं रण दिवाळीत नको, पाणी आटून मीठ वर यायला हिवाळा भरात यावा लागतो. ताडोब्यात वाघ बघायचा तर एप्रिल-मे, पाणवठ्यावर येतो, तेव्हा आपण पेट्या भरत असतो, सोडून द्या. तामिळनाडूला जायचंच तर जानेवारीत, पहिला मोहोर ज्याचा गळलाय त्याने. (हशा)

शेवटचं, तिकिटांचं. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस. म्हणजे दिवाळीच्या गाड्या बहुतेक वर्षी बरोबर गणपतीच्या आसपास उघडणार, तेही सकाळी ८ वाजता, भटजी दारात असताना. घरातला कोण पूजेला बसणार आणि कोण मोबाईल घेऊन बसणार ते आत्ताच ठरवा.