दुखणं थांबलं त्या दिवशी

(पहाट. इंदूर, रामबाग. एका घराच्या खिडकीत उजेड.)

सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीच्या कढया उतरल्यात, पोह्यांच्या गाड्या अजून लागायच्यात. या घरातल्या काकू मात्र रात्री दोनपासून जाग्याच आहेत. गालाला हात, दाढेत लवंग. आडवं झालं की ठणका वाढतो, म्हणून पाठीशी उशा रचून बसल्यात.

दाताच्या टणक कवचाआड मऊ गर असतो, त्यात नसा आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोचली की गर सुजतो. पाय मुरगळला तर सुजायला जागा असते. दातात चहूबाजूंनी भिंत. सूज आतल्या आत दाबत राहते. आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, आणि दाढ नाडीसारखी उडायला लागते.

लवंगेने घटकाभर बरं वाटतं. पण ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी धरून ठेवायची सवय कुणाला असेल, तर कृपा करून सोडा; हिरडी भाजून निघते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकनेही हा ठणका जात नाही. सुजलेला गर दातातून काढावाच लागतो. रूट कॅनाल म्हणतात ते हेच.

"नस ओढून काढतात म्हणे," काकू सुनेला म्हणाल्या. ऐकीव भीती, पण खरी.

(दवाखाना. खुर्चीवरचा दिवा लागतो.)

आधी एक्स-रे. मग हिरडीत इंजेक्शन. टोचतं, क्षणभर चुरचुरतं, आणि थोड्या वेळात अर्धा ओठ जड होतो.

"काकू, दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन."

पाच मिनिटांत हात वर गेला. डॉक्टर थांबल्या, आणखी औषध दिलं, वाट पाहिली. खालची सुजलेली दाढ पहिल्या इंजेक्शनला पुष्कळदा दाद देत नाही. यात पेशंटचा भित्रेपणा नसतो, त्यामुळे सोसत बसू नका, हात वर करा. भुलीचं हे औषध, लिडोकेन, 1943 साली स्वीडनमध्ये तयार झालं. त्याआधीच्या पिढ्यांनी सांगितलेल्या आठवणी आजच्या खुर्चीला लावू नयेत असं मला मनापासून वाटतं.

दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणला जातो, त्याच्या भोकातून फक्त दाढ वर दिसते. काकूंना आधी गुदमरल्यासारखं झालं. नाकाने सावकाश श्वास घेतला तशा सैल झाल्या. हा पडदा हवाच. आतली पोकळी धुवायला जे औषध वापरतात, ते कपड्यांच्या ब्लीचच्याच जातीचं. पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. ते घशात जाऊ नये, आणि तोंडातली लाळ दाढेत उतरू नये.

(जवळून: डॉक्टरांच्या बोटांत रंगीत मुठीची सुई.)

ही फाईल. सुईएवढी बारीक, अंगाला पीळ, आणि मुळाच्या वळणाबरोबर वाकेल इतकी लवचीक. 1838 मध्ये एडवर्ड मेनार्ड या अमेरिकी दंतवैद्याने घड्याळाच्या स्प्रिंगपासून अशी फाईल बनवली होती. आता ती आत जाते तेव्हा शेजारचं छोटं यंत्र टीं-टीं करत मुळाचं टोक किती जवळ आलं ते सांगतं. नस ओढणं वगैरे काही नाही. गर खरवडून, धुऊन काढला जातो. पेशंटला कळतो तो दाब, थरथर आणि पाण्याचा आवाज.

गर मुळातल्या बारीक नळीत उतरलेला असतो. पुढच्या दाताला बहुधा एक नळी. दाढेला तीन, कधी चार. चौथी लपलेली असते आणि ती शोधण्यातच वेळ जातो. एक सुटली तरी दुखणं परत येऊ शकतं. तासाभराने उठताना काकूंची तक्रार एकच होती: जबडा भरून आला.

बधिरपणा जाईपर्यंत काही खायचं नाही, नाहीतर गाल चावला जातो. पुढे काही दिवस चावताना दुखरं वाटेल, साध्या वेदनाशामक गोळीने ते आवरतं. सूज वाढली, ताप आला, तर मात्र तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

त्या रात्री काकू गाढ झोपल्या. आणि घोळ झाला तो इथेच.

पुढच्या बैठकीच्या दिवशी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दाढ दुखत नव्हती. काकू गेल्याच नाहीत. एक आठवडा, मग दुसरा. दुखणं थांबलं, कारण दुखणारा गर निघाला. पण दाढ अजून पोकळ, वर नुसता तात्पुरता मसाला. तो झिजतो, कडेने लाळ झिरपते, जंतू परत आत शिरतात आणि केलेलं सगळं वाया जातं. अर्ध्यावर सोडलेल्या अशा दाढा पुढे काढाव्या लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सुनेने शेवटी स्कूटरवर बसवून नेलं. पुन्हा धुणं, मग नळ्यांत गटापर्चा भरला. मलायाकडच्या झाडाच्या चिकाचा हा पदार्थ, एकेकाळी समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर चढवत. एक्स-रेत तीन पांढऱ्या रेघा टोकापर्यंत उतरलेल्या दिसल्या. त्यावर पक्का मसाला, आणि काही दिवसांनी कॅप. आतून कोरलेली दाढ कॅपशिवाय चावण्याच्या जोराने फुटू शकते.

(निळा कागद दाढेवर.)

"चावा, काकू. कसं वाटतंय?"

"किंचित उंच लागतंय."

डॉक्टरांनी निळा ठिपका घासला. पुन्हा कागद.

"आता?"

काकूंनी दात मिटले. दोनदा, सावकाश.

"आता बसलं."