टोपलीखाली काहीच नसतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. परीक्षा संपत आल्या की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. दोरीवरून घसरायचं, भिंतीवर चढायचं, रात्री शेकोटी आणि गाणी. मुलं खूश होऊन परततात, माझी काही तक्रार नाही. पण निसर्गाची ओढ मोठेपणीही टिकावी असं वाटत असेल, तर मी वेळासचं नाव सुचवीन.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात. पूर्वी ती अंडी माणसं चोरायची, उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. 2002 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत पुन्हा पुरली जातात. 45 ते 60 दिवसांत पिल्लं वाळू सारत वर येतात.

त्या सुमाराला मुलांचे गट येतात, गावातल्याच घरांत उतरतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलली जाते. मुलं दोरीमागे माना उंचावून बसलेली. आणि पुष्कळदा टोपलीखाली काहीच नसतं, बरं का!

मुंबई-पुण्याच्या मुलाला हे पचत नाही. पैसे भरले, एवढा प्रवास केला, आणि कासव नाही? (खरं तर पालकच जास्त वैतागतात.) शिबिर कसं आहे ते इथे कळतं. चांगला दादा किंवा ताई मुलांना भरतीच्या रेषेवर नेते, खेकड्यांची बिळं दाखवते, दिसेल ते वहीत काढायला लावते. मग प्रश्न सुटतात. पिल्लातली मुलगी कुठली? वरून ओळखता येत नाही. पण वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात. हे ऐकलेलं मूल पुढे तापमानवाढीची बातमी वेगळ्या कानांनी ऐकेल.

लुईझ चावला या संशोधिकेनं नॉर्वे आणि अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या 56 पर्यावरण कार्यकर्त्यांना विचारलं होतं, या कामाकडे कसे वळलात? हा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी पाहिलेली निसर्गातली ठिकाणं आणि घरातलं एखादं माणूस, ही उत्तरं वारंवार आली. आता, रानात वाढूनही या वाटेला न गेलेल्यांना तिथे कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा फार ताणू नये. पण घरातलं माणूस ही गोष्ट मला पटते. म्हणून मुलांना नुसतं पाठवू नका. तुम्हीही दोरीमागे बसा, फ्लॅश आणि बॅटरी बंद ठेवून.

निघण्याआधी गावात फोन करून घरटी कधी फुटायची शक्यता आहे ते विचारा. आणि मुक्काम एका रात्रीचा नको, दोन रात्रींचा ठरवा.