साडेचाराची भरती

(दृश्य: आगरवाडा, पेडणे तालुका, गोवा. शापोरा नदीकाठचा मातीचा बांध. ऊन कलू लागलं आहे.)

बांधावर बसलेल्या आजोबांच्या मनगटावर घड्याळ नाही. भरती किती वाजता पूर्ण होईल, असं विचारलं, तर त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "आज माघातली षष्ठी. साडेचाराक."

हिशेब पाऊणकीच्या पाढ्याचा आहे. तिथीची पाऊणपट करायची. सहा पाऊण साडेचार. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि त्याच्यामागून भरतीही तेवढीच मागे सरकते. पाऊण तास हा त्याचा तोंडी ठोकताळा. नदीत जसजसं आत जावं, तसतसं पाणी उशिरा पोचतं. त्यासाठी किती वेळ वाढवायचा, हे ज्या त्या गावाला ठाऊक असतं.

वर बघा. निळ्या आभाळात फिकट, अर्ध्याला थोडा कमी असा चंद्र जवळजवळ डोक्यावर आलेला आहे.

(दृश्य: मानस. चिऱ्यांची चौकट, काळ्या पडलेल्या फळ्या.)

ही मानस. नदी आणि शेत यांच्यामधलं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं फळ्या चौकटीवर घट्ट बसतात आणि खारं पाणी बाहेरच थोपतं. ओहोटी लागली की आतलं पाणी फळ्या ढकलून नदीत उतरतं. दिवसातून दोनदा उघडणारं आणि दोनदा मिटणारं हे दार कुणी माणूस चालवत नाही. पण त्याच्या वेळा माणसाला माहीत असाव्या लागतात. फळी कुजली, चिखल साचला, तर हात घालायला मिळतात ते ओहोटीचे मोजकेच तास.

गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन सांगितली जाते. नदीपासून बांध घालून सोडवलेली. तिचं सगळं वर्ष दोन पंचांगांवर चालतं. एक सूर्याच्या नक्षत्राचं. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो, पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन जातं, मग कोरगूट पेरायचं. खारवटीला दाद न देणारं हे गोव्याचं जुनं भात. दुसरं पंचांग चंद्राचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर डोळा ठेवायचा, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरतीचा जोर कमी असताना, डागडुजी करायची. मिठागरात पाणी घ्यायचं तेही उधाण बघून. मानशीवरच्या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होतो. ज्यानं ती घेतली, तो जाळं लावतो रात्रीच्या ओहोटीला.

भाताच्या नव्या कणसाचंही असंच. हिंदू घरांत ते चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला येतं. राय गावच्या चर्चमध्ये कणसाचं फेस्त, म्हणजे सण, ५ ऑगस्टला, ताळगावात २१ ऑगस्टला. अधिक श्रावण आला म्हणून २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली. ख्रिस्ती गावांची तारीख मात्र हलत नाही. कणीस एकच, मोजण्याच्या रीती दोन. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पूर्वी बांधांची जबाबदारी गावकारीची, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेची होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्याला हक्क मिळाले, आणि ते योग्यच झालं. पण बांध राखण्याची सामूहिक शिस्त अनेक ठिकाणी विस्कटली. कुठे मासळीसाठी मानस मुद्दाम उघडी राहते, कुठे फुटलेला बांध तसाच पडतो आणि शेतात खारफुटी वाढते. तिथे तिथी विचारणारा कुणी उरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात षष्ठी छापलेली असते, मोबाइलवर मुरगावच्या भरतीचं कोष्टकही मिळतं. दोन्ही हवीतच. मात्र षष्ठीला करायचं काम गेलं, की षष्ठी हा नुसता शब्द उरतो. म्हणून ही कालगणना जपायची असेल तर आधी बांध जपावेत, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: आजोबांच्या हातात आंब्याचं पान.)

त्यांनी पान नदीत सोडलं. ते हळूहळू वरच्या अंगाला, गावाकडे जात राहिलं. मग थबकलं. काही वेळ जागच्या जागी फिरलं आणि समुद्राच्या दिशेनं निघालं.

साडेचार वाजून गेले होते.

"उद्या?" त्यांनी नातवाला विचारलं. पोरगा पेरं मोजू लागला. "सात पाऊण सव्वापाच."

"ती भरती. फळी बदलूची आसा ती सुकतीत."

पोरगा पुन्हा पेरांवर गेला. सुकती म्हणजे ओहोटी, भरतीच्या सहा तास मागे. "सकाळी सव्वाअकरा."

"मगे धा वाजताच चिखलात उतरूया. कोयती घेऊन ये."

(दृश्य: मिटलेली मानस. फळ्यांच्या फटींतून पाण्याची बारीक धार.)