पेशंटचा ताप शून्य डिग्री

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे अंगातला ताप फॅरेनहाइटमध्ये आणि बाहेरचं ऊन सेल्सिअसमध्ये. पोराला १०२ ताप म्हटलं की आजी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या काढते, आणि भुसावळचा पारा ४५ वर गेला म्हटलं की तीच आजी कपाळाला हात लावते. दोन्ही मोजपट्ट्या एकाच घरात सुखानं नांदतात. एकीतून दुसरीत जायचं सूत्र तुम्ही शाळेत घोकलेलंच आहे: ३२ वजा करा, ५ नं गुणा, ९ नं भागा. पुन्हा सांगतो, ३२ वजा, ५ नं गुणा, ९ नं भागा. कर्निहान आणि रिची यांच्या १९७८ च्या सी भाषेच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात हा तक्ता आहे, आणि तेव्हापासून प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याची त्यातून काही सुटका नाही.

तर टर्बो सीचा जमाना, म्हणजे सी भाषेतले प्रोग्रॅम लिहायच्या आणि चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरचा. निळा पडदा, पिवळी अक्षरं. खानदेशातलं एक कॉलेज, एप्रिलमधली प्रॅक्टिकल, डोक्यावरचा पंखा गरम हवाच ढवळतोय. मी इंटर्नल, म्हणजे कॉलेजचाच परीक्षक, आणि बाहेरगावाहून आलेले एक्स्टर्नल परीक्षक सर, मिशीतल्या मिशीत हसणारे. एका मुलीला प्रश्नाची स्लिप आली: ताप ९४ पासून १०८ पर्यंत, दोन-दोनच्या टप्प्यानं, शेजारी सेल्सिअस. जर्नल तिचं सुरेख होतं, खाकी कव्हर, पेन्सिलीनं आखलेल्या रेघा. आता हे जर्नल म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीतून आउटपुट उतरवून काढायचं आणि सह्या घ्यायच्या. या वह्या एकदाच्या रद्दीत घालाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. रद्दीचा भाव तरी मिळेल. असो.

तिनं प्रोग्रॅम चालवायला कंट्रोल एफ नाइन दाबलं. डावीकडे ९४, ९६, ९८, १०० सगळं व्यवस्थित. उजवीकडे वरपासून खालपर्यंत शून्य. शून्य, शून्य, शून्य! सर वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताप १०४, आणि सेल्सिअस शून्य? मॅडम, पेशंट गेला की हो!"

सगळी लॅब हसली. मुलगी हसली नाही. सर म्हणाले, "चहा येईपर्यंत वेळ देतो." तिनं ओळीवर बोट ठेवून वाचलं: कंसात ५ भागिले ९, गुणिले कंसात एफ, म्हणजे फॅरेनहाइटचा आकडा, वजा ३२. आणि मग हळूच म्हणाली, "सर, पेशंट ठीक आहे. भागाकारच गेलाय."

अगदी बरोबर. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच. ५ भागिले ९, उत्तर शून्य. शून्याला कशानंही गुणा, शून्यच. तिनं ५ च्या पुढे एक टिंब आणि एक शून्य टाकलं. एवढंच. १०४ समोर ४०.० उभे राहिले.

चहा आला. पण सरांचं समाधान कुठे! ९८.० पर्यंत रांग सरळ, १००.० आले आणि पुढचं सगळं एक घर उजवीकडे सरकलं. सर बशीत चहा ओतत म्हणाले, "ताप मिळाला, पण पेशंट झोकांड्या खातोय." तिनं प्रिंटएफमध्ये, म्हणजे पडद्यावर छापायच्या आज्ञेत, टक्क्याचं चिन्ह, सहा पॉइंट एक, एफ असं लिहिलं, दोन्ही रकान्यांसाठी. टिंबाखाली टिंब आलं. सरांनी एकही तोंडी प्रश्न विचारला नाही, सही केली आणि दुसरा चहा मागवला.

हे सहा पॉइंट एक म्हणजे काय, ते नीट ऐका. एकूण जागा सहा, दशांशचिन्हानंतर एक अंक. त्या सहा जागांत टिंबही मोजायचं आणि उण्याचं चिन्हही. आकडा लहान असला तर डावीकडे मोकळी जागा सुटते, किराणा दुकानदार बिलात एकं खाली एकं मांडतो तशी. एकूण सहा, टिंबानंतर एक. पायथॉन या आजच्या प्रोग्रॅमिंग भाषेत हेच महिरपी कंसात विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं देऊन लिहितात. तिथे ५ भागिले ९ चं शून्य होत नाही. जुन्या पायथॉन टूमध्ये मात्र व्हायचं.

जाता जाता, सेल्सिअस साहेबांनी १७४२ साली आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळायचं शून्यावर आणि गोठायचं १०० वर! नंतर ती उलटी केली गेली, म्हणून आपलं सूत्र चालतंय.

आता तुमचा प्रोग्रॅम तपासा. २१२ घाला, १०० यायला हवेत. ९८.६ घाला, ३७.० यायला हवेत. आणि उणे ४० घाला, उत्तरही उणे ४० च यायला हवं, कारण तिथे दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींना भेटतात. त्या ओळीतही टिंबाखाली टिंब आहे ना, तेवढं बघा. नमस्कार.