मागच्या पानावरच्या अटी

(अमळनेरच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं पाहिली असतील. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, तुडवून बसवायची. गळालंच तर माती टाकणाऱ्याला हाक मारायची. तो गल्लीतलाच असायचा. आता स्लॅबची घरं आली आणि देखभालीचे करारही आले. सोलर हीटरचा, आरओचा, लिफ्टचा. करार करणारा मात्र गल्लीत राहत नाही.

मध्यंतरी पारोळ्याकडच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. गच्चीवरच्या सोलर हीटरचा सात वर्षांचा देखभाल करार, 21,000 रुपये आगाऊ भरलेले. तिसऱ्या उन्हाळ्यात टाकी गळायला लागली. फोन केला की उत्तर एकच, ‘उद्या माणूस पाठवतो.’ दोन महिने कुणी फिरकलं नाही. पैसे परत मागितले तर मागचं पान पुढे केलं. फिकट शाई, मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजीत. ग्राहकाने करार मध्येच सोडला तर उरलेली रक्कम जप्त. कंपनी मात्र कारण न देता केव्हाही करार संपवणार. वाद झाला तर फक्त दिल्लीचं कोर्ट.

मावशी म्हणाल्या, “भाऊ, सही ते मन्हीच शे.” म्हणजे, सही तर माझीच आहे. चोरी पकडल्यासारखा आवाज होता त्यांचा. तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

सही झाली म्हणजे सगळं संपलं, असं कायदा मानत नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. 1986 च्या जुन्या कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्याच नव्हती, ती यात आली. अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने भलताच जबर दंड, वाजवी कारण नसताना एकतर्फी करार मोडण्याची मुभा, ग्राहकाला न विचारता त्याच्या तोट्यात करार दुसऱ्याच्या हवाली करणं, हे सगळं त्यात बसतं. मावशींच्या मागच्या पानावर यातल्या निदान दोन बाबींवर तरी बोट ठेवता येतं.

2019 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने पायोनिअर अर्बन खटल्यात एका बिल्डरचा करार तपासला. ग्राहकाचा हप्ता चुकला तर त्याने 18 टक्के व्याज द्यायचं आणि बिल्डरने पैसे परत करायचे झाले तर 9 टक्के, तेही नोटिसा आणि मुदती संपल्यावर! दुसरा पर्याय नसल्यामुळे ग्राहकाने सही केली असेल, तर अशी एकतर्फी अट त्याच्यावर बंधनकारक नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

आता जायचं कुठे? सेवेतल्या कमतरतेची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असंही नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय, तेव्हा दिल्लीच्या त्या अटीला घाबरू नका. मुदत मात्र दोन वर्षांची. ‘उद्या माणूस पाठवतो’ ऐकत ती घालवू नका. करारातली अटच अनुचित ठरवून रद्द करून घ्यायची, तर छोट्या रकमेलाही राज्य ग्राहक आयोग गाठावा लागतो. एकवीस हजारांसाठी ही पायपीट मला मुळीच पटत नाही. हा अधिकार जिल्ह्याला मिळायला हवा, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलणार आहे.

मावशींना मी आधी सांगितलं, फोन पुरे, आता लेखी. नातवाने टाकीखालच्या ओल्या स्लॅबचे फोटो काढले, केलेल्या फोनच्या तारखा वहीत उतरवल्या. मराठीतच नोटीस लिहिली, पंधरा दिवसांची मुदत दिली आणि स्पीड पोस्टाने पाठवली. पोचपावती त्याच प्लॅस्टिकमध्ये, कराराच्या मागच्या पानाला टाचून ठेवली आहे. मुदत येत्या सोमवारी संपते.