गाडी तापली, पाणी टाकलं, पण ऑइलचं काय?

नमस्कार मंडळी! रेडिओ ऐकताय म्हणजे तुमच्यातले निम्मे आत्ता गाडीतच असणार, तर जरा त्या टेम्परेचरच्या काट्याकडे बघून घ्या आणि मग ऐका.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो, मेहुण्याची जुनी डिझेल गाडी, पाच माणसं, एसी फुल्ल, आणि खंबाटकी चढताना पुढे लोडचा ट्रक, त्यामुळे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असंच चाललेलं. काटा कधी वर गेला कुणी बघितलंच नाही, बघितलं तेव्हा बॉनेटमधून वाफ! मेहुणा तसा शहाणा, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं नाही, नाहीतर उकळतं पाणी अंगावरच येतं. पाऊण तास थांबला, होजपाइपची क्लिप ढिली झालेली ती आवळली, पाणी भरलं आणि म्हणाला, चला, झालं काम.

अहो कसलं झालं? पाण्याबरोबर ऑइल पण तापलं ना!

साधारण 90 ते 110 डिग्रीपर्यंत ऑइल मजेत असतं. आता 5डब्ल्यू-30 चं ऑइल घ्या, म्हणजे डब्यावर ऑइल किती घट्ट-पातळ ते सांगणारा नंबर असतो ना, तो, 40 डिग्रीला जेवढं घट्ट असतं त्याच्या साधारण सहा पट पातळ ते 100 ला होतं, आणि हे इंजिन बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. पण त्याच्याही खूप वर गेलं की क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, आणि तो ज्याच्यावर फिरतो ते बेअरिंग, ह्यांच्या मधला ऑइलचा पातळसा थर टिकत नाही आणि लोखंडाला लोखंड घासायला लागतं. तापलेल्या गाडीत आयडलला ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो आणि रेस दिली की विझतो, तो पातळ झालेल्या ऑइलचं प्रेशर कमी पडतं म्हणूनच, आणि लोक म्हणतात वायरिंगचा प्रॉब्लेम असेल!

पुढची गंमत उलटी आहे. तापून पातळ झालेलं ऑइल नंतर कायमचं घट्ट होतं. वड्याचं तेल चार-चार दिवस वापरलं की कसं काळं, चिकट होतं, तसंच. मोठ्या तापमानाला ऑइलची हवेतल्या ऑक्सिजनशी रासायनिक क्रिया व्हायचा वेग दर 10 डिग्रीला अंदाजे दुप्पट होतो असं धरतात, म्हणजे 30 डिग्री जास्त तापलं तर आठ पट. मग त्याचा गाळ होतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, खाली ऑइल साठतं त्या चेंबरमधली जाळी चोंदते.

आणि त्या काट्यावर फार विसंबू नका, तो पाण्याचं तापमान सांगतो, ऑइलचं नाही. पाणी पूर्ण गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो, आपण खूश, इंजिन मरतंय!

साताऱ्यात मिस्त्रीने आधी ऑइलची पट्टी काढून बघितली, दुधाळ चहासारखं दिसलं असतं तर ऑइलमध्ये पाणी शिरलं, म्हणजे पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील, हेड गॅस्केट, गेलं म्हणजे मोठा खर्च, पण तसं नव्हतं. डिझेलचं ऑइल काळंच असतं म्हणून रंगावरून काही कळत नाही, त्याने दोन बोटांत चोळलं, वास घेतला, आणि मेहुण्याच्या नाकापुढे धरलं. करपलेला वास. मेहुणा म्हणे, अहो ऑइल बदलायला अजून सहा हजार किलोमीटर बाकी आहेत! मिस्त्री म्हणाला, ते खंबाटकीत संपले.

बदललं शेवटी, फिल्टरसकट. उगाच खर्च झाला असं मेहुणा अजून म्हणतो, आणि ते जुनं ऑइल कॅनमध्ये भरून घरी आणलंय, गेटच्या बिजागरीला लावायला.