एचओएचा कायदा बघताय? आधी डिक्लरेशनची तारीख बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न आलाय, "ताई, एचओएबद्दल अमेरिकेचा कायदा काय सांगतो?" एचओए म्हणजे घरमालकांची संघटना, आपल्या सोसायटीसारखी. अहो, सगळ्या देशाला मिळून असा एक कायदाच नाही. काँडो (मालकीचा फ्लॅट) असो की टाउनहाउस, हा विषय राज्यांचा. युनिफॉर्म लॉ कमिशन ही १८९२ पासूनची संस्था नमुना कायदे लिहून देते, घ्यायचे की नाही ते राज्य ठरवतं. काँडो, एचओए, को-ऑप (जिथे घराऐवजी संस्थेचे शेअर घेतात) तिन्हींसाठी तिने १९८२ मध्ये एकच मसुदा आणला. कनेटिकट, कोलोरॅडो, नेवाडा अशा मोजक्या राज्यांनी तो घेतला. कॅलिफोर्निया, फ्लोरिडाचे कायदे वेगळेच.

मी सिअ‍ॅटलकडची, म्हणून वॉशिंग्टन राज्याचं सांगते. इथे त्या १९८२ च्या मसुद्यावरचा कायदा १ जुलै २०१८ ला लागू झाला. पण पूर्णपणे कोणाला? त्यानंतर झालेल्या कम्युनिटींना. जुन्यांना त्यातली काही कलमं तेवढी, बाकी जुनेच कायदे. पुण्यात एका बिल्डिंगची सोसायटी १९६० च्या कायद्याखाली आणि शेजारचं अपार्टमेंट १९७० च्या, तसंच हे.

म्हणून तारीख बघा. कुठली? तुम्ही घर घेतलंत ती नाही. एकाने लिहिलंय, "आम्ही २०२१ मध्ये घेतलं, म्हणजे नवा कायदा ना?" नाही हो! बिल्डिंग बांधली ती तारीखही नाही. माझ्या मैत्रिणीची बिल्डिंग सत्तरच्या दशकातली, आधी भाड्याची, काँडो झाली २००६ मध्ये. तिला लागतो १९८९ चा काँडो कायदा. बिल्डरने काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मूळ डिक्लरेशन, म्हणजे ज्या दस्ताने ती कम्युनिटी तयार होते तो, नोंदवलं, ती तारीख! नंतरच्या दुरुस्तीचीही नाही. मूळ डिक्लरेशनची.

मैत्रिणीच्या डिक्लरेशनची पीडीएफ मी उघडली. सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीच्या दस्तावर पहिल्याच पानावर वर लांबलचक नोंदणी क्रमांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. अजून जुन्या दस्तांवर वर्षाचे दोनच आकडे असतात. एवढं बघायला वकील लागत नाही.

आता जुन्यांनाही लागणारं एक कलम, कारण यावर माझा जीव तुटतो. आपली माणसं म्हणतात, "मीटिंगला गेलोच नाही, कोरम (गणसंख्या) झाला नसेल, बजेट अडकलं असेल." इथे तसं होत नाही! बोर्डाने मांडलेल्या बजेटच्या विरोधात एकूण मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर ते मंजूर. कोरम असो वा नसो. घरी बसलात तर तुमचं मत बजेटच्या बाजूनेच गेलं म्हणायचं. महिन्याचे ड्यूज वाढल्यावर मला मेसेज करण्यापेक्षा त्या मीटिंगला जा, नाहीतर प्रॉक्सी द्या, म्हणजे तुमच्या वतीने दुसरं कोणी मत देईल.

१ जानेवारी २०२८ पासून जुन्या-नव्या जवळपास सगळ्या कम्युनिटींना हाच कायदा लागेल, असं विधिमंडळाने २०२४ मध्ये ठरवलं. मला वाटतं, हे २०१८ लाच व्हायला हवं होतं. एकाच रस्त्यावरच्या दोन घरांना दोन कायदे कशासाठी? तुम्ही बोर्डावर असाल तर बायलॉज आत्ताच काढून ठेवा. पुढच्या व्हिडिओत रीसेल सर्टिफिकेट, म्हणजे घर विकताना एचओए देते तो दाखला, घेऊ.